नासपतीची गोधडी

तोंग युमेईचं गाव नव्या रस्त्याखाली गेलं, तेव्हा त्यातलं एकच झाड वाचलं. तिच्या परसातली नासपती. मोजणीला आलेल्यांच्या हातापाया पडून तिने ती फुटपाथच्या चौकोनी आळ्यात राखून घेतली. पुढे सफाई खात्यात नोकरी लागली तेव्हा झाडलोटीला तोच रस्त्याचा पट्टा मागून घेतला.

बर्फ पडला की आधी तो वितळवायला मिठाची गाडी फिरायची. रस्त्यावरचा बर्फ काळा, पचपचीत व्हायचा. तो ओढून झाडांच्या आळ्यांत रचायचा, असा हुकूम होता. ढीग गुडघाभर उंच, चारही बाजू फळीने ठोकून सरळ. मुकादम पांग लाकडी पट्टीने मोजायचा. इतर झाडांना युमेई मापापुरता बर्फ घालायची, नासपतीला दोन फावडी जास्त. 'गव्हावर बर्फाच्या तीन गोधड्या, तर पुढल्या वर्षी उशाला भाकरी,' असं तिची आई म्हणायची. अकरा हिवाळे तिने ही गोधडी घातली.

बाराव्या वसंतात नासपतीची रस्त्याकडची बाजू फुललीच नाही. उशिरा पालवी आली, तीही कडांनी करपलेली. बाग खात्यातला म्हातारा शिन आला. त्याने आळं उकरलं. माती दगडासारखी घट्ट झाली होती, वर पांढरी पापडी.

"चाख," तो म्हणाला.

"माती चाखू, काका?"

"चिमूटभर. मरत नाहीस. अर्धं झाड मेलं तेवढं पुरे."

युमेईने जिभेला लावली आणि थुंकली.

"खारट."

"मुळं तहानेने मरतात यात. पाणी असून पिता येत नाही. कोण रचतं गं इथे एवढा बर्फ? बाकीच्या आळ्यांत एवढं मीठ नाही."

युमेईने गळपट्ट्याने तोंड पुसलं. "मी," ती म्हणाली.

शिनने कागदावर लिहिलं, 'कारण: कडाक्याची थंडी.' मेलेली बाजू कापून तो गेला. उन्हाळाभर युमेईने आळ्यात बादल्या ओतल्या, वरची माती काढून नदीकाठची भरली. शरदात उरलेल्या फांदीवर चार नासपती धरल्या.

पहिला बर्फ पडला, त्या दिवशी ती पांगसमोर उभी राहिली.

"साहेब, या एका झाडाचा बर्फ गाडीने उचला ना."

"गाडी पुलासाठी आहे, ताई. तुझ्या झाडासाठी पालखी मागवू का?"

"मग मी हातगाडीने नेते."

"आणि रस्ता तोवर कोण साफ करणार? तपासणी नऊला आहे."

नऊला तपासणी आली तेव्हा नासपतीचं आळं रिकामं होतं आणि रस्त्याच्या कडेला काळा ढीग तसाच पडला होता. दुसऱ्या दिवशी युमेईला रेल्वे फाटकाजवळचा पट्टा दिला. तिथे झाडं नव्हती.

महिन्याभराने ती जुन्या रस्त्याने आली. नासपतीच्या आळ्यातला ढीग कमरेइतका होता, बाजू आरशासारख्या सरळ. त्याच्यापाशी फळी घेऊन नवी बाई उभी होती. ल्वान चिन, तिशीतली, हसरी.

"ताई, शिनकाकांनी सांगितलं, हे तुझं झाड. म्हणून सगळ्यात मोठी गोधडी यालाच घातली. पांगसाहेबांनी फोटो काढलाय!"

"त्यात मीठ आहे गं. त्यानेच झाड मरतंय."

चिनने फळी ठोकणं थांबवलं. रस्त्याकडे पाहिलं, मग आळ्याकडे.

"मीठ असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली. "पण टाकू कुठे?"

युमेईने चहूकडे पाहिलं. दाखवायला तिच्याकडे एकही जागा नव्हती.