राहुकाळाच्या आत नारळ

प्रणितने खिशातून लोहचुंबक काढलं, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलं आणि पिकअपच्या दाराला लावलं. चिकटेल तर शपथ! वर लावलं, खाली लावलं, तेच. त्या पांढऱ्याशुभ्र रंगाखाली पत्रा कमी आणि पुट्टीच जास्त होती.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर "सांगतो नंतर" म्हणून त्याने पनवेलच्या त्या जुन्या गाड्यांच्या आवारातून कधीच काढता पाय घेतला असता. पण गाडी रामूशेठची, आणि रामूशेठ म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचे, निशाचे, होणारे सासरे. साखरपुडा झालेला, लग्न पुढच्या महिन्यात. निशाचं आधी एकदा जमलेलं मोडलं होतं, तेव्हा त्यांच्या गावच्या, जासईतल्या, लोकांच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं. कंटेनर यार्डातली नोकरी सोडून प्रणित स्वतःची गाडी चालवणार हे कळल्यावर शेठ आपणहून म्हणाले होते, "घरची गाडी असताना भायेर कशाला फिरतंस?" बाहेर फिरला असता तर बरं झालं असतं!

आज आई आणि निशाही हौसेने आल्या होत्या. त्या शेठशी आणि नवऱ्यामुलाशी, धनेशशी, बोलत होत्या तेवढ्यात प्रणित गाडीखाली सरकला. आधी काही दिसेना. मग बोट फिरवलं तर ताज्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ हाताला लागली. चासी, म्हणजे गाडीचा कणाच, मधोमध कापून जोडली होती. दोन मोडक्या गाड्यांची मिळून ही एक उभी केली होती. भरल्या मालाने एखाद्या खड्ड्यात आपटली तर मध्येच दुभंगेल. आई चिडली तरी चिडो, नाही म्हणायचं, असं ठरवून तो बाहेर सरकू लागला.

तेवढ्यात फाडकन आवाज झाला आणि चाकावरून पाणी ओघळलं.

"राहुकाळ लागंल, म्हनून नारळ फोडून घेतला," आई खुशीत म्हणाली. निशाने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिकही काढलं होतं. नारळ फोडलेली गाडी त्यांच्याकडे कुणी परत करत नाही, आणि व्याह्यांच्या दारात तर नाहीच.

"कशी हाय?" शेठनी विचारलं.

"शेठ, चासीला जोड हाय." प्रणित म्हणाला.

शेठ मोठ्याने हसले. "आरं, जुन्या वस्तूला काय ना काय असतंच. तुमची पोर पसंत करताना आमी कुटं चुंबक लावलं?"

आईही हसली, जरा जास्तच. निशाचं हसू मात्र तोंडावरच विरलं आणि ती पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. प्रणितला शेठच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण आईने डोळ्यांनीच हात जोडले, तेव्हा तो म्हणाला, "नाय, चांगली हाय गाडी."

"मंग! हळदीला समद्या बायका याच गाडीतून येतील," आई म्हणाली.

शेठ किल्ली आणायला आत वळले, तसा धनेश जवळ आला. "दादा, हौद्यात माणसं नको बसवू," तो हळूच म्हणाला. "जोड टिकायचा नाय."

म्हणजे याला ठाऊक होतं! ठाऊक असून बापाशेजारी गप्प उभा राहिला होता, आणि याच्याच घरी निशा जायची होती. तिचा हात धरावा आणि चालतच जासई गाठावी, असं प्रणितला फार फार वाटलं. पण तेवढ्यात बाहेर येऊन शेठनी किल्ली निशाच्या हाती दिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माफी मिळाल्यासारखा तिचा चेहरा फुलला.

"दादा, घे ना," ती धावत येऊन म्हणाली.

प्रणितने किल्ली घेतली.