भिंतीकडे तोंड

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बांधकामावर गवंडी होते. सासूबाई नि मी तिथेच घमेली वाहायचो. मामंजींपुढे माझी मान वर होत नसे.

त्या दिवशी पायाच्या चरांत वाळवीचं औषध मारायचं होतं. फवारेवाल्याने फळीवरून माझ्या हातात डबा दिला. झाकण सैल होतं. खांद्यापासून कमरेपर्यंत मी भिजले.

"वाळेल उन्हात," तो म्हणाला. "तू काय वाळवी आहेस?"

सगळे हसले. मीही हसले. थोड्या वेळाने दरदरून घाम फुटला, तोंडात लाळ मावेना, समोरचं धूसर दिसू लागलं.

मामंजींनी डब्यावरची कवटी पाहिली, मग माझे डोळे. असाच एक गडी त्यांच्यादेखत गेला होता. "बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात! पोरी, साडी सोड. अंगावर काही ठेवू नकोस."

मी पदर घट्ट धरला.

"अहो, सून आहे ती!" सासूबाई ओरडल्या.

"जगली तर सून! सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा रे!"

भिंत तेव्हा गुडघ्याएवढीच होती.

मी सोडेना, तेव्हा त्यांनीच साडी ओढून काढली आणि डोळे मिटून माझ्यावर नळी धरली. निम्मं पाणी सासूबाईंवर. त्यांनी मला साबणाने खसाखसा धुतलं. दवाखान्यात डबा पाहून डॉक्टरांनी सुई दिली. संध्याकाळी मामंजींनाही तिथेच आणलं. साडी त्यांनी उघड्या हातांनी ओढली होती. मधे पडदा. पलीकडच्या ओकाऱ्या मला ऐकू येत होत्या. कशी आहेस, हे त्यांनी विचारलं नाही. मीही काही विचारलं नाही.

पुढे ते खाकरल्याशिवाय घरात येत नसत. मी ताट ठेवून आत गेले की मगच जेवत. गड्यांनी पाहिल्याची लाज ओसरली; ही मामंजींपुढची ओसरेना.

सासूबाई गेल्या. मग मामंजींचं एक अंग लुळं पडलं. नवरा कामावर, अंघोळ घालायला मीच. लेंग्याच्या नाडीला हात लावताच त्यांनी ती चांगल्या हाताने गच्च धरली.

"मामंजी," मी म्हणाले, "भिंतीकडे तोंड करा."

त्यांनी केलं. खांदे हलू लागले. हसत होते की रडत, कळलं नाही. पण नाडी सुटली.

दोन वर्षांनी ते गेले. फवारेवाल्याने तो धंदा सोडून सायकलींचं दुकान काढलं. नवरा आता घरीच असतो. परवा माझ्या सुनेला हे सांगितलं, तर म्हणाली, "त्यात कसली लाज, आई?" मी पोळ्या लाटत राहिले.