तळाला बसलेली लस

आजोबांनी शर्टाची बाही वर सरकवायला एवढा वेळ लावला, म्हणून ते दिसलं तरी. एरवी लसवालीनं बाटली हलवली असती, सुईत लस ओढली असती आणि "चला, पुढचे या" म्हणून मोकळी झाली असती. महामारीत रांग दारापासून कोपऱ्यापर्यंत. दम खायला फुरसत कुणाला! पण बाही कोपराला अडकली, तिनं बाटली टेबलावर ठेवली आणि बघता बघता त्या दुधाळ औषधाचे दोन भाग झाले. वर नितळ पाणी, तळाला नासलेल्या दुधासारखे कण.

ही लस गोठून वितळली की निकामी होते आणि अशी दिसते, हे तिला प्रशिक्षणात दाखवलं होतं. उष्णता लागली तर बाटलीवरची खूण तरी रंग बदलते. गोठली तर ती खूणही गप्प.

"आजोबा, आज नको. घरी जा, आणि मास्क काढू नका," तिनं सांगितलं आणि रांग थांबवून ती आतल्या खोलीत गेली.

लसीच्या फ्रिजचं झाकण उचललं आणि शी! आंबूस वासाचा भपकारा आला. वरती थंड पेयांच्या बाटल्या, त्यांच्यामध्ये मोठ्या डॉक्टरांचा, म्हणजे साहेबांचा, अर्धा खाल्लेला केक, क्रीमवर बोटांचे ठसे. सगळं उपसलं तेव्हा खाली लसीचे डबे सापडले, थेट तळाच्या बर्फाला चिकटलेले. त्यांना तळापासून वर धरणारी जाळीची टोपली होती कुठे? कपाटावर. आणि तिच्यात फार्मासिस्टच्या चपला.

"चपला ठेवल्यात तुम्ही यात?"

"रिकामीच तर होती, सिस्टर," फार्मासिस्ट जांभई देत म्हणाला. "उन्हाळा लागला तेव्हा काढली. साहेबांच्या बाटल्या मावत नव्हत्या. झाला असेल महिना."

महिना! तीनच आठवड्यांपूर्वी तिनं ताईच्या घरच्यांना टोचलं होतं, याच फ्रिजमधून.

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. तिला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं. ते शरीरानं झिडकारू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी सगळी प्रतिकारशक्तीच मारून ठेवलेली. लस म्हणजे शरीराला दाखवलेला चोराचा फोटो. पण ताईच्या शरीरात तो बघायला पहारेकरीच नव्हता. तिला दोनदा टोचूनही रक्तात काही उतरलं नाही. तेव्हा तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता हिच्याभोवतीच्यांना लस द्या. तेच हिचं कुंपण." चौदा महिने ताई एका खोलीत राहिली. दाराबाहेर ठेवलेलं ताट उचलायची, मुलीशी खिडकीतून बोलायची. मग लसवालीनं भाऊजी, सासूबाई आणि भाची, तिघांनाही स्वतःच्या हातानं लस दिली आणि पंधरा दिवसांनी ऐटीत सांगितलं, "ताई, ये आता बाहेर."

"आणि तापमान? ते कुणी बघितलं नाही?" ती फार्मासिस्टवर ओरडली.

तो हसला. काय तो मेला हसतो! "तक्ता तुमच्याच अक्षरात आहे की, सिस्टर."

तक्ता भिंतीवर होता. सकाळ चार, संध्याकाळ चार, ओळीनं सगळे चारच. सोमवारीच ती एका बैठकीत आठवड्याचे आकडे भरून टाकायची. सगळेच तसं करायचे. फ्रिज कधी बिघडलाच नव्हता, मग वाकून बघतो कोण? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि इथे तर दळणारीही तीच. तिनं केकच्या चुऱ्यात हात घालून तळाचा तापमापक काढला. उणे दोन. बोटांना चिकट क्रीम लागलं होतं. साहेबांची किळस आली, फार्मासिस्टची आली, पण सगळ्यांत जास्त आली ती त्या नीटनेटक्या चारांची.

साहेब काडीनं दात कोरत बसले होते. तिनं बाटली पुढे धरली. त्यांनी काडीचं टोक निरखलं, टेबलाच्या कडेला पुसलं.

"कुणी मेलं का?"

"साहेब, महिन्याभरात दोन हजार माणसांना टोचलंय यातून. सगळ्यांना वाटतंय आपण सुरक्षित आहोत. मास्क काढून हिंडतायत!"

"अहो, त्यानं अपाय नाही ना होत? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. ओरडलात तर पहिली मान तुमचीच. अक्षर कुणाचंय?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "केक घ्या थोडा."

ती तशीच व्हरांड्यात आली, भिंतीला टेकली आणि ताईला फोन लावला.

"अगं, बरं झालं केलास!" ताईचा आवाज केवढा हलका. "काल सगळे एका टेबलावर जेवलो. चौदा महिन्यांनी! पोरगी रात्री माझ्याच कुशीत झोपली."

"ताई, ऐक ना—"

"यांना मात्र सकाळपासून कणकण आहे. खोकतायत सारखे. मीच बसलेय उशाशी, पट्ट्या ठेवतेय कपाळावर. सासूबाई नको म्हणत होत्या. मी म्हटलं, आता कसली भीती? माझ्या बहिणीच्या हातची लस आहे."

पलीकडे भाऊजी खोकले. फोनच्या इतक्या जवळ, की लसवालीनं नकळत कान मागे घेतला. आतून साहेबांनी हाक मारली, रांग का थांबलीय म्हणून.

"ताई, त्या खोलीतून बाहेर ये. आत्ता, अशीच," ती म्हणाली. "ती लस मेलेली होती. फ्रिजचं तापमान मी बघायला हवं होतं. मी बघितलंच नाही."