तांबडीचं दूध

"सांडशील तर बघ!" म्हणत सासूने सुनेच्या हातातली बादली ओढली. थोडं दूध दोघींच्या पायांवर सांडलं.

"आई, औषधाचं दूध आहे ते. तांबडीला परवाच सुई टोचलीय."

"टोचू दे. तुमचं केंद्र घेत नाही तर नको घेऊ दे. चारा मी घालायचा आणि दूध मोरीत ओतायचं?"

सून गावच्या दूध केंद्रात दूध तपासायची. औषध दिलेल्या गाईचं दूध केंद्र परत पाठवायचं, म्हणून तांबडीचं दूध घरीच राहायचं. आणि तांबडीला औषध वरचेवर लागे. कास सुजून दगडासारखी झाली की सुनेचा नवरा दुकानातून बाटली आणून स्वतःच सुई टोचायचा. सूज जरा उतरली की थांबायचा. मग सूज परत यायची. ते दूध वासरं प्यायची. वासरांना हगवण लागली की त्यांच्या पाण्यातही तेच औषध पडायचं.

वासरांचं सगळं नणंद बघायची. दाव्याने तिचा तळहात सोलला होता. गोळ्या चालू होत्या, तरी आज हात कोपरापर्यंत लाल झाला होता आणि अंगात ताप होता. ती ओसरीवर पडून हसली.

"बघ गं वहिनी, हात फुगून तांबडीची कास झालाय. आता मलाही केंद्र परत पाठवणार."

"गप गं," सासू म्हणाली आणि आतून भांडं घेऊन आली. "तू म्हणतेस ना, औषधाच्या दुधाचं दही लागत नाही? बोट लाव."

सुरीने कापावं असं दही होतं.

"दुसऱ्या गाईचं असेल."

"निव्वळ तांबडीचं. सुईनंतर काढलेलं." सासूचा चेहरा खुलला. "आधी नुसतं पाणी व्हायचं. मग मी चांगल्या दुधात पळीभर हे घातलं. पातळ का होईना, लागलं. त्यातलंच विरजण पुढच्याला. मग वाटीभर, मग अर्धं. सवयच लावली. तुमच्या औषधाला पुरून उरलं माझं विरजण!"

सुनेने बोट मागे घेतलं. दही लागलं नाही की दुधात औषध आहे, ही केंद्रातली जुनी खूण. औषध दही लावणाऱ्या जंतूंनाही मारतं. पण सवय कुणालाच लागली नव्हती. पळीभर दुधातल्या औषधाने बरेचसे जंतू मेले होते. जे थोडे तगले, त्यांचीच पैदास पुढच्या भांड्यात गेली होती. प्रत्येक वेळी तेच. आता भांड्यात फक्त न मरणारे उरले होते.

तिने नणंदेच्या हाताकडे पाहिलं. वासरांच्या पोटातही रोज थोडं थोडं औषध जात होतं. त्याच सोललेल्या हाताने नणंद शेण काढायची, तोच हात वासरं चाटायची.

"ताई, उठा. शहरातल्या दवाखान्यात जायचंय."

"अगं, वासरांना पाजून तरी—"

"उठा म्हणते ना!"

ती घरात कधी ओरडली नव्हती. सासूने हातातलं भांडं खाली ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला आणि लाली जिथवर चढली होती तिथे दंडावर पेनाने रेघ मारली. "लाली रेघेच्या वर गेली तर लगेच सांगा."

सकाळी लाली रेघ ओलांडून गेली होती. दुसरी रेघ मारली. तीही ओलांडली. नणंद तापात वासरांना हाका मारत होती.

"त्या रेघा पुसा हो बाई," सासू म्हणाली. "बघवत नाही." मग सुनेजवळ सरकून हळूच म्हणाली, "माझ्या दह्याने झालं का गं?"

"दह्यातले जंतू नव्हेत हे, आई. पण जे भांड्यात झालं, तेच गोठ्यात झालं. आपण सगळ्यांनी मिळून केलं."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "एकच औषध चालतंय. शिरेतून द्यावं लागेल. हेही चाललं नाही तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

बाटली टांगली. थेंब पडायला लागले. तिघी त्या रेघेकडे बघत बसल्या. लाली आधी थांबली, मग दुसऱ्या दिवशी हळूहळू रेघेच्या खाली उतरली. सासूने पदर तोंडावर धरला आणि मोकळेपणाने रडली.

संध्याकाळी नवरा गावाहून आला. बहिणीच्या कपाळाला हात लावून म्हणाला, "बरी आहेस ना? तांबडीचं काही खरं नाही. कास पुन्हा सुजलीय. बाटली संपवली, काही उपयोग नाही."

नणंदेने डोळे उघडले. वरच्या बाटलीकडे बघत क्षीण आवाजात म्हणाली, "दादा, हे लागू पडतं बघ. दुकानात मिळालं तर तिलाही दे ना थोडं."

"अहो, नको," सून म्हणाली. "हेही निकामी झालं तर याच्यापुढे काही नाही."

त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. तो खाटेपलीकडे गेला होता. मान वर करून एकेक अक्षर लावत बाटलीवरचं नाव वाचत होता. त्याचे ओठ हलत होते; तो नाव पाठ करत होता.