एकसष्टावी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे आणि मी एका बाईला पाडलं आहे. तो दिवस आठवला की अजून माझं काळीज धडधडतं. पायरीला काळीज नसतं, हे मला ठाऊक आहे.

मुघल बादशहाने ही मशीद बांधायला घेतली, तेव्हा मी डोंगरातला लाल दगड होते. पाथरवटाने मला घडवलं, तळहाताने चाचपलं आणि म्हणाला, "ही कधी दगा देणार नाही." मग उंच मिनाराच्या आत, गोल जिन्यात मी एकसष्टावी म्हणून बसले.

वरचं दृश्य बघायला माणसं लांबून येतात. मी मात्र ते कधीच पाहिलेलं नाही. उतरणाऱ्यांच्या बोलण्यातून कानावर पडतं, तेवढंच माझं. पूर्वी लोक म्हणायचे, काय गुळगुळीत दगड आहे! पुढे इतके पाय पडले की माझ्या मधोमध खळगा झाला. एका महाभागाने तर खिळ्याने माझ्यावर स्वतःचं नाव कोरलं. राखणदाराने कचेरीत तीनदा सांगितलं, पायरी झिजली आहे. साहेब "बघू" म्हणाले. अजून बघतायत.

हा राखणदार सरळ माणूस, पण गुडघ्यांनी घात केलेला. मुलं त्याला कुलूपकाका म्हणतात. अकरा वर्षं तो वर चढलाच नव्हता. मिनारात अनवाणी जायचं असतं, म्हणून सगळे दाराशी चपला काढतात. त्यावरून त्याने युक्ती काढली होती. दाराशी एकही चप्पल उरली नाही म्हणजे वर कोणी नाही, लावा कुलूप!

त्या शुक्रवारी एक मावशी एकटीच आली. चढताना दम लागला म्हणून माझ्यावर बसली. "चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं या पायांनी, एवढं चढणार नाहीत होय?" असं स्वतःलाच म्हणाली. तिच्या पिशवीत कालच घेतलेल्या चपला होत्या. खाली ठेवल्या आणि कुणी लंपास केल्या म्हणजे?

शुक्रवारी मिनार दुपारीच बंद होतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो. बाकीचे सगळे उतरले. खाली दार लागलं, कुलूप खटकन बसलं. अहो, एक बाई वर आहे! पण मला ओरडता कुठे येतं?

दार लागलं की माझ्यापाशी मिट्ट काळोख होतो. थोड्या वेळाने मावशी भिंत चाचपत उतरू लागली. तिचा पाय नेमका माझ्या खळग्यात पडला, सटकला आणि ती कोसळली. मी पाडलं तिला! पाथरवटाने जिच्याबद्दल खात्री दिली होती, तीच मी!

तिचा पाय मोडला होता. तिने हाका मारल्या, पण त्या जिन्यातच घुमत राहिल्या. ती घरी सांगून आली नव्हती. सूनबाई म्हणाली असती, या वयात काय हे खूळ! मावशी रडली, खूप रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "दिसलं मात्र सगळं. आमची गल्ली दिसली. गच्चीवर वाळत घातलेली माझी निळी चादर, रुमालाएवढी." इतक्या वर्षांत मला वरचं दृश्य कुणी असं सांगितलं नव्हतं.

मग तिने पिशवीतून चप्पल काढली आणि माझ्यावर हाणायला सुरुवात केली. फटाक! फटाक! मार, मावशी, मला हेच हवं होतं!

मशिदीतली कामं उरकून कुलूपकाका मिनाराच्या दारावरून घरी निघाला होता. आवाज ऐकून तो भडकलाच. "मिनारात चपला घालून कोण चढलंय रे?" झाडायलाच म्हणून त्याने कुलूप काढलं आणि कण्हत साठ पायऱ्या चढून आला. बॅटरीच्या उजेडात मावशी दिसली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाप रे! पण चपला तर सगळ्या गेल्या होत्या!" तो मटकन खाली बसला. "मी माणसं मोजलीच नाहीत हो, मावशी."

आता तो रोज गुडघे धरत टोकापर्यंत जातो, "कोणी राहिलंय का?" म्हणून विचारतो, आणि मगच कुलूप लावतो. माझ्या कडेला त्याने स्वतःच पांढरा रंग लावला आहे. मावशीला आता चढवत नाही. कधीमधी ती काठी टेकत येते आणि खाली दाराशी बसते. मग कुलूपकाका उतरताना माझ्यावर थांबून खाली ओरडतो, "मावशी, दिसली हो निळी चादर!"

म्हणून सांगते, मित्रांनो, झिजलेल्या दगडाला "बघू" म्हणू नका. आणि दार लावण्याआधी चपला नाही, माणसं मोजा.