जामुनची पारख

नामदेवरावांनी काळ्या कुत्र्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला, बाल्कनीतल्या उजेडाकडे त्याचं तोंड फिरवलं आणि आत डोकावून पाहिलं. कुत्रं बिचारं गप्प उभं होतं, शेपूट तेवढी हलत होती. मग त्यांनी कपाळावरचे केस अंगठ्यानं उलटे केले, भोवरा कुठं बसलाय ते पाहिलं, चारी पाय चाचपले आणि हात धुवायला उठता उठता निकाल देऊन टाकला.

"हे नको. डोळ्याखाली रेघ आहे. असं जनावर कधी ना कधी उलटतं."

दुसऱ्याला फार तपासावंच लागलं नाही. ते लॅब्रॅडोर होतं. रंग भाजलेल्या रव्यासारखा, कपाळ रुंद, भोवरा बरोबर मधोमध. त्याचं नाव बिस्किट. काळ्याचं जामुन. जामुनची जात विचारली तर सांगण्यासारखं काही नव्हतं, तो शहरातल्याच नल्लकुंट्याच्या एका गल्लीत सापडला होता.

दोन्ही कुत्री वरच्या मजल्यावरच्या अनुराधाबाईंची. त्यांची बँकेतली बदली एकदम गुवाहाटीला झाली होती. त्या परमुलखातल्या शहरात, हिमायतनगरच्या त्या इमारतीत मराठी घरं दोनच, म्हणून त्यांनी हक्कानं विचारलं होतं. आठवडाभर दोघांना ठेवून घ्या, एक पसंत करा, दुसऱ्याला न्यायला शनिवारी संस्थेची गाडी येईल. ती संस्था शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे कुत्री सांभाळत होती. तिथं मोठ्या वयाचं काळं कुत्रं कुणी मागायला येत नाही, हे अनुराधाबाईंनी दारातून जाता जाता सांगितलं आणि डोळे पुसले.

पसंत करायचं काम साहजिकच नामदेवरावांकडे आलं. वयाच्या पासष्टीपर्यंत ते उदगीरजवळच्या गावी शेती करत होते आणि आसपासच्या पाच गावांत त्यांना दाखवल्याशिवाय कुणी बैल घेत नसे. कातडीचा रंग, शिंगांची ठेवण, भोवऱ्याची जागा, टाळूवरचा डाग, एवढं पाहून जनावर पुढं कसं वागणार हे ते बाजारात उभ्या उभ्या सांगत. बहुतेक वेळा ते खरं ठरे. खोटं ठरलं तर सांगायला कुणी परत येत नसे.

त्यांच्या मुलानं, विक्रमनं, आपल्या परीनं फोनवरही पाहिलं. लॅब्रॅडोर शांत असतो, लहान मुलांना जीव लावतो, असं तिथं लिहिलं होतं. मग त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीनं, रेणूनं, तोच फोन घेऊन दुसरं पान उघडलं आणि इंग्रजीतून मोठ्यानं वाचून दाखवलं. जातीवरून कुत्र्याचा स्वभाव फारसा कळत नाही, रंगावरून तर नाहीच नाही. विक्रम गोंधळला. दोन्ही पानं त्याला खरी वाटली. नामदेवराव म्हणाले, फोनचं काय, तो दोन्ही तोंडांनी बोलतो. आणि विषय संपला.

रेणूपुरता तो संपला नव्हता. जामुन पहिल्या दिवसापासून तिच्या पलंगाखाली झोपायला लागला होता.

गुरुवारी दुपारी रेणूला कुत्रं चावलं. ती बाल्कनीत वाकून वाडग्यात दूध-पोळी कालवत होती, दोन्ही कुत्री एकदम धावली आणि ती किंचाळली. मनगटावर तीन दात उमटले होते, रक्त टपटपत होतं. नामदेवराव तीन पावलांवर खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. विक्रमनं विचारलं तसं त्यांनी एका शब्दात सांगितलं, काळा. रेणू रडत रडत म्हणत राहिली की बिस्किट चावलं, जामुननं काही केलं नाही. पण तिचा जीव कुणावर आहे हे सगळ्या घराला ठाऊक होतं. कोठी भागातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन परत येईपर्यंत ती हेच म्हणत होती आणि विक्रम तिला, हो बेटा, नंतर बोलू, असं म्हणत होता. संध्याकाळी त्यानं संस्थेला फोन करून काळं कुत्रं पाठवणार असल्याचं कळवलं. रेणू त्या रात्री जेवली नाही.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला नामदेवराव चहाचा कप घेऊन बाल्कनीच्या दारात आले. त्यांच्या पत्नी इंदुताई कुत्र्यांना खायला घालत होत्या. जामुनला त्या हातानंच पोळीचा तुकडा भरवत होत्या आणि तो हळू, ओठांनी उचलून घ्यावा तसा घेत होता. मग त्यांनी बिस्किटचा वाडगा जमिनीवर ठेवला, दोन पावलं मागं झाल्या आणि झाडूच्या दांड्यानं तो त्याच्यापुढं सरकवला.

नामदेवराव कप तसाच धरून उभे राहिले. ते मागं होणं त्यांच्या ओळखीचं होतं. गावच्या गोठ्यात इंदुताई धवळ्या बैलाला अशाच लांबून कडबा टाकत. गव्हाणीच्या पलीकडं उभ्या राहून, हात पुरेपर्यंत ताणून. नऊ वर्षं त्यांनी तसाच टाकला. बाई एकदा भ्यायली ती भ्यायलीच, असं म्हणून नामदेवरावांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

धवळ्या देवणी जातीचा, अंगावर एक खोट नाही. त्याच्या जोडीला होता तो काजळ्या, गावठी, डोळ्याखाली काळ्या रेघा असलेला. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. इंदुताई गोठ्यात गेल्या आणि त्यांच्या उजव्या दंडात शिंग घुसलं. आरडाओरडा ऐकून नामदेवराव धावले, तर काजळ्या समोर उभा. पुढच्याच बाजारी त्यांनी तो विकला. कुणी नेला, कशाला नेला, हे विचारायला थांबलेसुद्धा नाहीत.

"बिस्किटला असं लांबून का देतेस?" त्यांनी विचारलं.

"तोच चावला ना."

"तू कुठं होतीस? तू तर आत होतीस."

"रेणू म्हणाली की." इंदुताईंनी जामुनला शेवटचा तुकडा दिला. "जिला चावलं तिला कळणार नाही होय?"

नामदेवरावांनी चहाचा घोट घेतला, तो थंड झाला होता. दंडावरचा वण पदराखाली अर्धा दिसत होता. रोजचाच होता तो, तरी आज त्यांना तिकडं पाहवेना.

"इंदू, त्या दिवशी तुला काजळ्यानंच मारलं ना?"

"नाही. धवळ्यानं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. आवाजात राग नव्हता. "तुम्ही म्हणालात, घाबरली असशील, नीट दिसलं नसेल."

नामदेवरावांनी आठवून पाहिलं. काजळ्याचे डोळे आठवले, बाजारातली धूळ आठवली, रक्तानं भिजलेलं इंदुताईंचं लुगडं आठवलं. हे बोलणं काही केल्या आठवेना. आपण असं म्हणालो असू का? म्हणालोच असू. गुरुवारी तरी दुसरं काय केलं होतं? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली हॉर्न वाजला. मागोमाग जिन्यात पावलं वाजली आणि गाडीचा ड्रायव्हर दारात उभा राहिला.

"कौनसा है साब? काला? जल्दी देव, अभी तीन जगे जाना है."

विक्रमनं जामुनच्या गळ्यात दोरी अडकवली. तो लगेच उठला. फिरायला नेतात असं त्याला वाटलं असावं. रेणू आपल्या खोलीच्या दारात उभी होती. पट्टी बांधलेला हात तिनं पोटाशी धरला होता आणि ती कुणाकडंच पाहत नव्हती.

"थांब विक्रम," नामदेवराव म्हणाले. "मी पाहिलं नव्हतं."

"काय पाहिलं नव्हतं?"

"चावताना. मी पेपर वाचत होतो. पोर ओरडली तेव्हा मान वर केली, तर हा समोर होता."

विक्रम त्यांच्याकडं बघतच राहिला. "बाबा, तुम्ही तर लगेच सांगितलंत."

"सांगितलं खरं."

ड्रायव्हर एकदा या कुत्र्याकडं, एकदा त्या कुत्र्याकडं पाहत होता. बिस्किट वाडगा चाटून शेपूट हलवत होतं. त्याचं कपाळ तसंच रुंद होतं, भोवरा तसाच मधोमध होता. नामदेवरावांनी ते पुन्हा एकदा निरखून पाहिलं आणि त्यातून त्यांना काही म्हणता काही कळलं नाही.

ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि जामुनच्या गळ्यातली दोरी सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. जामुन त्यांची बोटं चाटत राहिला.

"रेणू, इकडं ये बाळ. तुला कोण चावलं?"

"सांगितलं होतं ना आबा."

"हो. आता पुन्हा सांग."

इंदुताईंनी स्वयंपाकघरात जाऊन नुकताच कुकर चढवला होता. त्यांनी गॅस बंद केला आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.