हूनने सांगितलं

आईला आजार सांगायचा नाही, हे आम्ही भावंडांनी डॉक्टरांच्या दाराबाहेरच ठरवलं. मलेशियात, पिनांगला आमच्या चिनी लोकांत असंच करतात. म्हाताऱ्या माणसाला रोगाचं नाव कळलं की ते हाय खातं, म्हणून सगळ्यांनी तोंड शिवून बसायचं. "रक्त कमी झालंय" असं सांगून मी तिला गोळ्या चालू केल्या.

मग मी शहाणीने तिच्या फोनवर एक ॲप घातलं. ते गोळ्यांची वेळ सांगायचं, फोटो दाखवून माणसांची नावं आठवून द्यायचं. आधी त्याने मलाच प्रश्न विचारून भंडावलं. आजार कोणता? डिमेन्शिया. काय विसरतात? बाजारातून घरची वाट. आजाराचं त्यांना माहीत आहे का? नाही. खाली हा एवढा लांबलचक मजकूर, तो कोण वाचत बसतंय! आई कोळंबी सोलत होती. "आई, जरा अंगठा लाव गं इथे." तिने कमरेच्या सारोंगला हात पुसून लावला. कशाला, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

चार महिने बरे गेले. एका दुपारी आई विकायच्या पोपियासाठी, म्हणजे भाजी भरलेल्या गुंडाळ्यांसाठी, तव्यावर पातळ पोळ्या घालत होती. ओल्या पिठाचा गोळा हातात नाचवत तव्याला नुसता टेकवायचा आणि उचलायचा. तिचे हात ते अजून विसरले नव्हते. तेवढ्यात फोन वाजला. तिचे हात भरलेले, म्हणून मीच स्पीकर लावून दिला.

"सॉ किम आंटी ना? डिमेन्शियाच्या पेशंटसाठी आमची नवीन कॅप्सूल आलीय. तुम्हाला बाजारातून घरची वाट सापडत नाही ना, त्यावर..."

मी फोन कापला. तव्यावरची पोळी करपली.

"राँग नंबर होता."

"माझं नाव घेतलं की त्याने! हून पोरी, मला डिमेन्शिया झालाय?"

पुन्हा खोटं बोलवेना. मी होकाराची मान डोलावली.

"आणि त्या मेल्याला कुणी सांगितलं?"

"मी. म्हणजे, फोनमध्ये भरलं होतं."

"अगं, जगाला सांगितलंस आणि मला नाही? मी काय परकी होते?"

लाज वाटली मला. ॲप काढून टाकलं, कंपनीशी कडाकडा भांडले. ते म्हणाले, माहिती केव्हाच पुढे गेली, पेशंटची संमती आहे. संमती कसली, कोळंबीचा वास येणारा अंगठा होता तो!

आई दोन दिवसांत सगळं विसरली. आठवड्याने दुसऱ्याच कुणाचा फोन आला, आणि बिचारीला पुन्हा पहिल्यापासून कळलं. नंबर बदलावा, तर तो तिच्या पोपियाच्या गिऱ्हाइकांचा, तीस वर्षांचा. तेवढा एकच अजून तिला तोंडपाठ आहे. तो कसा काढून घेऊ?

तिसऱ्या वेळी ती रडली नाही. कॅलेंडरचं पान फाडून पाठीमागे काहीतरी लिहिलं आणि फोनजवळच्या भिंतीवर चिकटवलं.

काल पुन्हा फोन आला. मी धावत गेले, पण तिने उचललाच होता. भिंतीकडे बघत ती ठसक्यात म्हणाली, "माहीत आहे मला. माझ्या मुलीने सांगितलंय." आणि फोन ठेवून पोळ्या घालायला गेली.

मी कागद वाचला. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'मला विसरण्याचा आजार आहे. हूनने सांगितलं.'

नव्हतं गं सांगितलं मी, आई.